भाव न पडणारं शेत: 'स्टारड्यू व्हॅली'तल्या एका पहिल्या वर्षाचं प्रकरण

बेळगाव शहराच्या पश्चिमेला, तांबड्या मातीच्या पट्ट्यातलं एक घर. पावसाळी बटाटा, खालच्या अंगाला भात, माळावर रताळी. घरात सत्तरी ओलांडलेले आबा आणि रोज बसने शहरातल्या कॉलेजला जाऊन बी.कॉम. करणारी त्यांची नात. तिच्या मोबाईलवर 'स्टारड्यू व्हॅली' हा गेम आहे. बोट तिचं चालतं, पण पेरायचं काय, विकायचं काय आणि पैसा कशात घालायचा यावर दोघांचं एकमत व्हावं लागतं. ते होत नाही तेव्हा मला फोन येतो. मी तिचा मामा, पेशाने हिशेबनीस, आणि हा गेम कोळून प्यालेला. त्यामुळे पंच म्हणून माझीच नेमणूक झाली आहे.

या प्रकरणात तपासायचं ते एवढंच: खऱ्या शेतात उभा जन्म घालवलेल्या माणसाची अक्कल या गेममध्ये कुठे चालते, कुठे आडवी येते, आणि का.

आधी गेमबद्दल थोडं. एरिक बरोन या अमेरिकन माणसाने तो एकट्याने घडवला. चित्रं, संगीत, संवाद, प्रोग्रॅमिंग सगळं त्याचंच, आणि त्याला साडेचार वर्षांच्या आसपास लागली. 26 फेब्रुवारी 2016 रोजी तो कॉम्प्युटरवर आला, 2019 मध्ये अँड्रॉइड फोनवर. सुरुवात अशी की शहरातल्या नोकरीला कंटाळलेल्या माणसाला आजोबांची चिठ्ठी सापडते. त्यांनी आपलं शेत त्याच्या नावे केलेलं असतं. आबांचा पहिला प्रश्न होता, "उताऱ्यावर नाव कवा चढलं?" गेममध्ये त्याला काही लागत नाही. ना तलाठी, ना भाऊबंदकी. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माणूस कुदळ घेऊन शेतात उभा. गेम बऱ्याच भाषांत मिळतो, पण त्यांत मराठीही नाही आणि कन्नडही नाही. सीमाभागात इतका समान न्याय सहसा बघायला मिळत नाही. त्यामुळे नात इंग्रजी वाचते आणि आबांना घरच्या भाषेत सांगते.

वर्षात चार ऋतू, प्रत्येक 28 दिवसांचा. गेममधला एक दिवस सकाळी सहापासून रात्री दोनपर्यंतचा, म्हणजे आपली सुमारे चौदा मिनिटं. हाती सुरुवातीला 500 नाणी आणि पार्सनिप नावाच्या कंदाचं पंधरा दाणे बी. अंगात 270 एकक ताकद. कुदळ मारली, पाणी घातलं, झाड तोडलं की ती उतरते आणि झोपल्यावर भरते. पाणी घालायचं राहिलं तर पीक मरत नाही, त्या दिवसापुरतं वाढायचं थांबतं. करपा नाही, अळी नाही. पाऊस पडला तर फुकट पाणी मिळतं, वादळात कधीतरी वीज पडून एखादं रोप जातं तेवढंच. कावळे तेवढे येतात, त्यांना बुजगावणं पुरतं. कर्ज नाही, व्याज नाही, सोसायटीची नोटीस नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट, जी आबांना पटायला सर्वांत जास्त वेळ लागला: शेताच्या कडेच्या विक्रीच्या पेटीत एक फ्लॉवर टाका की शंभर टाका, दर तोच. हंगामाच्या तोंडाला तोच, हंगाम संपताना तोच.

"मग अडत्या जगतो कसा?" आबा म्हणाले.

गेमला आरामाचा म्हणतात तो याच्यामुळे. गोड संगीत आणि फुलपाखरं ही वरवरची कारणं. आपल्याकडे बटाट्याचं पोतं भरताना माणसाच्या पोटात जो गोळा असतो तो इथे काढूनच टाकला आहे. मात्र तो काढला म्हणून गेम सोपा झाला असं नाही, आणि पुढचं सगळं भांडण त्यावरच आहे.

वसंत 13: स्ट्रॉबेरी

वसंतातल्या 13 तारखेला गावात अंड्यांचा उत्सव भरतो. स्ट्रॉबेरीचं बी फक्त त्याच दिवशी, तिथल्या दुकानात मिळतं. दाण्याला 100 नाणी. पेरल्यापासून आठ दिवसांनी पहिली तोड, मग दर चार दिवसांनी पुढची. एक फळ 120 ला जातं. 13 ला पेरलं तर 21 आणि 25 ला तोड, म्हणजे 100 चे 240. इथे एक बारकी गोष्ट आहे जी पुष्कळ खेळणाऱ्यांच्या लक्षात येत नाही: 16 तारखेला पेरलं तरी 24 आणि 28 अशा दोनच तोडी मिळतात. उत्सवातून बाहेर पडताना रात्रीचे दहा वाजलेले असतात, आणि अंधारात धावपळ करून लागण उरकायची काही गरज नसते.

त्या दिवशी फाईलवर 1,900 नाणी होती. नातीचं म्हणणं, एकोणीस दाणे घ्यायचे आणि सगळे लावायचे. आबांचं म्हणणं, सगळा पैसा एका पिकात घालणारा माणूस आपण आयुष्यात दोनदा बुडालेला बघितलाय. त्यांनी विचारलं, "बी घरच्या पेटीत ठेवलं तर कुजतं काय?" नाही कुजत. "मग पुढच्या वर्षी एक तारखेला पेरलं तर किती तोडी?" नातीने मोजलं: 9, 13, 17, 21, 25. पाच. म्हणजे एका दाण्यामागे 600. आबांनी मांडी थोपटली. दहा दाणे बियाणं म्हणून राखायचे, नऊ लावायचे. नातीने नाइलाजाने मानलं आणि रात्री मला फोन केला.

हिशेब असा आहे. राखलेल्या दहा दाण्यांचे पुढच्या वसंतात 6,000 होतील. तेच दहा दाणे लगेच लावले असते तर 25 तारखेपर्यंत 2,400 हातात आले असते. उन्हाळ्याच्या पहिल्या तारखेला ब्लूबेरीचं बी 80 ला मिळतं. 2,400 मध्ये तीस रोपं. ब्लूबेरीला तेरा दिवस लागतात, पुढे दर चार दिवसांनी तोड, तोडीला तीन फळं, फळाला 50. उन्हाळ्यात 14, 18, 22, 26 अशा चार तोडी, म्हणजे रोपामागे 600. तीस रोपांचे 18,000. एका बाजूला वर्षाने 6,000, दुसऱ्या बाजूला दोन महिन्यांत 18,000. पैसा फिरवण्यात जी ताकद आहे ती साठवण्यात नाही, हे बी.कॉम.च्या पोरीला सांगावं लागलं नाही.

पण हा हिशेब पुरता खरा नाही, आणि इथे आबांचं पारडं थोडं वर येतं. तीस रोपं जादा म्हणजे तीस खड्डे जादा, आणि त्यांना रोज पाणी. साध्या झारीने एका रोपाला सुरुवातीला दोन एकक ताकद जाते, आणि चाळीस रोपांनंतर झारी रिकामी होते. उन्हाळ्यात त्यांनी प्रत्यक्षात 52 रोपं लावली. सकाळच्या पाण्यातच शंभराच्या आसपास ताकद जायची. 82 लावली असती तर दीडशेच्या वर. उरलेल्या शंभरात खाण खणायची की लाकूड तोडायचं? खाणीतलं तांबं-लोखंड नाही तर तुषारनळ्या नाहीत, लाकूड नाही तर जेली करायच्या बरण्या नाहीत. म्हणजे 18,000 मधले काही हजार अंगमेहनतीतून वळते झाले असते. किती, ते खेळणाऱ्याच्या हातावर आहे. माझा निवाडा नातीच्या बाजूने गेला: सगळे लावायला हवे होते. मात्र ती सांगत होती तेवढा मोठा तोटा झाला नाही हेही मी तिला सांगितलं, आणि ते तिला आवडलं नाही.

आबांच्या डोक्यात काय होतं ते मला समजतं. बाजार बसला तर दुसरं पीक हात देईल म्हणून खरा शेतकरी चार पिकं लावतो, आणि पुढच्या वर्षी बी महाग झालं तर पंचाईत नको म्हणून बी राखतो. दोन्ही सवयी भावाच्या भीतीतून आलेल्या. जिथे विकायचा भाव हलतच नाही तिथे या भीतीला काम उरत नाही. महिनाभर तरी ते फळं पेटीत टाकायच्या आधी विचारायचे, "आज दर काय?" नात दर वेळी तोच आकडा सांगायची.

वसंत 23: बोटांवरचा हिशेब

21 तारखेच्या तोडीचे 1,080 आले. 23 ला सकाळी नात बटाट्याचं बी घ्यायला दुकानात उभी. दाणा 50 ला, विकतो 80 ला, सहा दिवसांचं पीक, कधीकधी एका रोपाखाली एकापेक्षा जास्त बटाटे निघतात. वीस दाण्यांचे हजार नाणी देणार एवढ्यात आबांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एक. एक तारखेला उन्हाळा. वसंतातलं पीक उन्हाळ्यात एका रात्रीत वाळून जातं, त्याला कसलीही सवलत नाही.

"बावीसला पेरायला पायजे होतं. आता चार दिवसांचं काय आहे ते बघ."

चार दिवसांचं म्हणजे पार्सनिप, 20 ला बी आणि 35 ला विक्री. नफा रोपामागे पंधरा, पण हातात येणारा. हजार नाणी वाचली. ती गेली असती तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला बारा ब्लूबेरी कमी लागल्या असत्या.

या प्रकरणात मला सर्वांत बोलका वाटलेला क्षण हाच. नातीला व्याज, फिरतं भांडवल, संधीचं मोल सगळं येतं, पण तिच्या डोक्यात पैशाला तारीख नसते. कॉलेजातली गणितं एका वर्षाच्या कोऱ्या कागदावर मांडलेली असतात. आबा कापणीपासून उलटं मोजत येतात. आर्द्राला भात टाकायचा म्हणजे रोप कधी, रोप म्हणजे तरवा कधी, तरवा म्हणजे नांगरट कधी. गेमची खोली बरोबर याच जागी आहे. भाव काढून घेतला, पण कॅलेंडर इतकं कडक ठेवलं की चुकीला माफी नाही. बुधवारी पियेरचं बियाण्याचं दुकान बंद असतं, लोहार चारला दुकान मिटतो, ऋतू 28 च्या रात्री कापला जातो. बुधवार कोणत्या तारखेला येतो हे ज्याने आधी बघितलं नाही त्याचा एक दिवस गेला, आणि ब्लूबेरीसारख्या पिकात तीन दिवस गेले की एक अख्खी तोड जाते.

हवामानाचंही तसंच. गेममध्ये घरात टीव्ही आहे, त्यावर उद्याचा पाऊस कळतो. खऱ्या आयुष्यात आबांचा कोणत्याही हवामान अंदाजावर काडीचा विश्वास नाही. हा मात्र कधी चुकत नाही म्हटल्यावर ते रोज सकाळी पहिल्यांदा तो लावायला सांगतात. झारी तांब्याची करून घ्यायला लोहार 2,000 नाणी आणि तांब्याच्या पाच पट्ट्या घेतो, आणि दोन दिवस झारी ठेवून घेतो. त्या दोन दिवसांत पीक तहानलेलं. आबांनी उन्हाळ्याच्या मध्याला सांगितलं, उद्या पाऊस आहे, आज सगळ्यांना पाणी घाल आणि मग झारी देऊन ये. उद्या पाऊस घालेल, परवा झारी हातात. एकही दिवस वाया गेला नाही. "लाईट जाणार म्हंटल्यावर आपण आधीच पाट फिरवून घेतो की," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. थ्री-फेजच्या वेळा सांभाळून मोटर चालवणाऱ्याला हे शिकवायला लागत नाही.

उन्हाळा: बरण्यांची रांग

उन्हाळ्याच्या एक तारखेला हाती 4,200 च्या आसपास होते. आबा म्हणाले आधी झारी, मग पीक. आधी विहीर, मग मळा. नात म्हणाली आधी पीक. इथे नात बरोबर होती, आणि मी लगेच तसं सांगितलं. ब्लूबेरी एक तारखेला लावली तर चार तोडी देते. 14 ला लावली तर 27 ला एकच. झारीला तशी तारीख नाही, ती पंधरा दिवसांनी केली तरी तेवढीच उपयोगी. 45 ब्लूबेरी, पाच खरबुजं, एक टोमॅटो, एक मिरची लागली. शेवटची सात रोपं आबांच्या हट्टाने. सगळ्याच ब्लूबेरी का नाहीत म्हणून नात दिवसभर धुमसत होती.

रोपागणिक बघितलं तर तिचं बरोबर. खरबुजाचं बी 80 ला, बारा दिवसांचं पीक, 250 ला जातं. दोनदा लावलं तर खर्च जाऊन 340. ब्लूबेरी खर्च जाऊन 520. पण उन्हाळ्याच्या मध्यावर शेतीच्या कौशल्याची चौथी पायरी गाठली की बरणी करता येते: पन्नास लाकडं, चाळीस दगड, आठ कोळसे. बरणीत फळ घातलं की दोन-तीन दिवसांत जेली होते, आणि तिचा दर फळाच्या दुप्पट अधिक पन्नास. आबांना हे एका वाक्यात समजलं. ऊस विकायचा की गूळ करून विकायचा, एवढाच प्रश्न. भागात साखर कारखाने कितीही असोत, गुऱ्हाळ ज्याने बघितलंय त्याला प्रक्रियेतला नफा समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी लगेच बरण्या करायला लावल्या. लाकूड पुरलं तितक्या, म्हणजे सहा.

आणि मग रांग लागली. पहिल्या तोडीलाच 135 ब्लूबेरी. सहा बरण्या, एकेक फळ, दोन-तीन दिवस. ऋतू संपेपर्यंत जेमतेम तीसेक बरण्या भरून निघणार होत्या. फळं ढिगाने, तोंडं सहा. ज्याने कारखान्याच्या तोडीची वाट बघत ऊस वाळताना बघितलाय त्याला हे चित्र ओळखीचं वाटतं, फरक एवढाच की इथे उरलेला माल पेटीत टाकून त्याच दराने मोकळं होता येतं.

इथे हिशेब उलटला. ब्लूबेरी 50 ची, जेली 150 ची: बरणीमागे 100 जादा. खरबूज 250 चं, जेली 550 ची: बरणीमागे 300 जादा. बरणी तीच, वेळ तोच. बरणी कमी आणि फळ जास्त असेल तर बरणीत महाग फळच जायला पाहिजे. दहा खरबुजांनी दहा बरण्यांत जेवढं कमावून दिलं तेवढं ब्लूबेरीला तीस बरण्या लागल्या असत्या. पुढे पिंप करता येतं, त्यात फळाची वाइन मूळ दराच्या तिप्पट होते. दुप्पट अधिक पन्नास आणि तिप्पट हे दोन्ही बरोबर 50 नाण्यांच्या फळाला सारखे पडतात. म्हणजे ब्लूबेरीला बरणी की पिंप याने काही फरक पडत नाही, उलट बरणी लवकर मोकळी होते. त्याच्या वरच्या प्रत्येक फळाला नगामागे पिंपात जास्त मिळतं. कुणीतरी हे आकडे फार विचाराने बसवलेत.

तर आबांचं मिश्र पीक शेवटी फायद्याचं ठरलं, पण त्यांनी दिलेल्या कारणाने नाही. भाव पडेल म्हणून चार पिकं लावणं इथे व्यर्थ. यंत्राची तोंडं मोजकी आहेत म्हणून दोन किमतींची पिकं लावणं शहाणपणाचं. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं. पंचाच्या कामात एवढं समाधान पुष्कळ झालं.

मिश्र पीक फायद्याचं ठरायचं दुसरं कारण याहून मोठं होतं. गावातलं पडकं समाजमंदिर पुन्हा उभं करायचं असेल तर तिथे वेगवेगळ्या वस्तूंचे गठ्ठे पुरे करून द्यावे लागतात. त्यातल्या कोठीघराचे सहा गठ्ठे भरले की शेतावरचं मोडकं काचघर दुरुस्त होऊन मिळतं. त्यात ऋतू नाही. स्ट्रॉबेरी बर्फातही पिकते. वसंताच्या गठ्ठ्यात पार्सनिप, घेवडा, फ्लॉवर, बटाटा, प्रत्येकी एकच नग लागतो. चाळीस नाण्यांची शेंग देणाऱ्या घेवड्याकडे नात वसंतात बघायलाही तयार नव्हती. आबांनी दोन वेल मांडवावर चढवायला लावले, कारण शेतात घेवडा नाही हे त्यांना बरं दिसेना. तो नसता तर फिरत्या गाडीवाल्या बाईकडे नशिबाने मिळाला तर मिळाला, नाहीतर पुढच्या वसंतापर्यंत काचघर अडलेलं.

शरद: पेरा की गोठा

शरदाच्या पहिल्या तारखेला फाईलवर पंचवीस हजारांच्या थोडे वर. क्रॅनबेरीचं बी 240 ला, सात दिवसांत पहिली तोड, पुढे दर पाच दिवसांनी, तोडीला दोन फळं, फळाला 75. एक तारखेला लावली तर 8, 13, 18, 23, 28 अशा पाच तोडी, रोपामागे खर्च जाऊन 510. नातीला शंभर रोपं लावायची होती. तोवर खाणीतल्या सोन्या-लोखंडाच्या आठ चांगल्या तुषारनळ्या झाल्या होत्या, एकेक आठ रोपांना रोज आपोआप पाणी देणारी, म्हणून शंभर शक्य होती.

आबांना गोठा हवा होता. ते पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होते. जनावराशिवाय शेत म्हणजे त्यांच्या लेखी कुंपण घातलेली मोकळी जागा. नातीने दर वेळी आकडे दाखवून टाळलं होतं: गोठा 6,000, गाय 1,500, एवढ्यात किती ब्लूबेरी येतात. आकडे तिचे बरोबर होते. पण कोठीघराच्या सहा गठ्ठ्यांत एक जनावरांचा आहे: मोठं दूध, पांढरं आणि तपकिरी मोठं अंडं, शेळीचं मोठं दूध, बदकाचं अंडं, लोकर, यातले पाच. म्हणजे नुसती गाय आणि कोंबडी पुरत नाही. खुराडं 4,000, मोठं करायला 10,000. गोठा 6,000, मोठा करायला 12,000. एकूण 32,000, जनावरं वेगळी. हे तिने शरद उजाडल्यावर नीट वाचलं.

आता दोघांची बाजू एकाच वेळी खरी होती, आणि पैसा एकाच गोष्टीपुरता. मी काही बोलायच्या आत आबांनीच निकाल लावला.

"पेरणीच्या दिवशी कोण गोठा बांधतंय काय? आधी पेर. आठ तारखेला तोड आली की मेस्त्रीला बोलव."

शंभर क्रॅनबेरींचे 24,000. उरलेल्यात गठ्ठ्यापुरतं: पाच भोपळे, एक वांगं, एक कंद, एक मका. आठ तारखेला पहिल्या तोडीचे 15,000 आले, त्यातून खुराडं आणि गोठा. गावात बांधकाम करणारी रॉबिन एकच, आणि ती एका वेळी एकच काम घेते. खुराड्याला तीन दिवस, मग गोठ्याला तीन, मग वाढवायला दोन-दोन. मधल्या दिवसांत 13 ची तोड येऊन पुढचा पैसा तयार. वेळापत्रक जुळत होतं. काचघर शरदात मिळणार नव्हतंच, कारण पिल्लं मोठी व्हायला आणि जनावरांनी माया लावून घेऊन मोठं दूध, मोठी अंडी द्यायला दिवस लागतात. पण हिवाळ्याच्या पोटात मिळण्यासारखं होतं. आणि मिळालं की, बाहेर शेतात नेहमीचं कुठलंच पीक येत नाही अशा हिवाळ्यात, त्यात लावायला दहा दाणे स्ट्रॉबेरी घरच्या पेटीत पडलेली होती. मी वसंतात दिलेल्या निवाड्यात हा रस्ता धरलेला नव्हता. तरी तो मी बदललेला नाही. काचघराची कुणकुण दोघांनाही तेव्हा नव्हती, आणि न ठरवता आलेला फायदा हिशेबात धरत नाहीत.

वेळापत्रक अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. पैसा होता, मेस्त्री होती, लाकूड नव्हतं. खुराड्याला 300, गोठ्याला 350, वाढवायला 400 आणि 450. दीड हजार लाकडं. बरण्यांपायी माळावरची झाडं आधीच विरळ झालेली, आणि कुऱ्हाड चालवायला ताकद तीच 270 च्या आसपासची. नात म्हणाली, रॉबिनच्या दुकानात लाकूड विकत मिळतं, दहा नाण्यांना एक, पण दीड हजाराचे पंधरा हजार कोण देणार, हिवाळ्यात काम नसतं तेव्हा सावकाश तोडू. बोलता बोलता तिने असंही सांगितलं की दुसऱ्या वर्षापासून हेच लाकूड पन्नासला मिळतं. दगडही महाग होतो, लोहाराकडचं कच्चं तांबं-लोखंडही.

आबा उठून बसले. "म्हंजे दर वाढतोय? आणि हे तू आत्ता सांगूलीस?"

वर्षभरात पहिल्यांदा त्यांना या गेममध्ये ओळखीचा बाजार भेटला होता. विकायचा दर हलत नाही, पण घ्यायचा हलतो, आणि कधी हलणार हे आधीच माहीत आहे. खऱ्या बाजारात अशी खबर मिळाली असती तर त्यांनी दोन खोल्या रिकाम्या करून माल भरला असता. 18 तारखेच्या तोडीचे सगळे पंधरा हजार त्यांनी लाकडात घालायला लावले. मोठ्या गोठ्याची पायाभरणी त्यामुळे दोन-चार दिवस पुढे गेली. नातीने मला फोन केला, पण या वेळी निवाडा मागायला नाही. हिवाळ्यात दगड आणि तांबं किती भरून ठेवावं, तेवढंच तिला विचारायचं होतं.